मुळ्याला दूधभात

शीतल खरातच्या पाठीवरच्या बॅगेत एका वेळी दहा-बारा घरांच्या किल्ल्या असायच्या. प्रत्येक किल्लीला कापडी पट्टी, आणि पट्टीवर माणसाचं नाही, जनावराचं नाव. 'सोनू मांजर, भांडुप.' 'दोन कासवं, नाहूर.' 'पोपट, चावतो.' माणसं गावाला गेली, लग्नाला गेली, लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेली, की मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या त्यांच्या बंद घरांत जायचं आणि मागे राहिलेल्या जिवांना खाऊपिऊ घालायचं, हे तिचं काम. त्याआधी अकरा वर्षं ती एका प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस होती. जखमा धुवायची, टाके घालताना कुत्र्याचं तोंड धरून बसायची. लॉकडाऊनमध्ये दवाखान्याला कुलूप लागलं ते लागलंच. पण तिथे येणारी माणसं तिला विसरली नव्हती. आधी एकाचा फोन आला, मग दुसऱ्याचा, आणि बघता बघता त्याचा धंदा झाला.

बंद घरांची तिला भीती वाटत नसे. भुताखेतांची तर नाहीच. तिच्या आईने जालन्याच्या त्या दोन खोल्यांच्या घरात एका भिंतीवर बाबासाहेब आणि एका भिंतीवर बुद्ध लावले होते आणि बाकी सगळं उंबऱ्याबाहेर काढून टाकलं होतं. "जे दिसत न्हाई ते नसतंय," आई म्हणायची. शीतलही तेच मानायची. फक्त एक सवय होती तिला. कुठलंही दार उघडलं की आत पाऊल टाकण्याआधी ती मोठ्याने म्हणायची, "आले रे मी." जनावर दचकू नये म्हणून.

गणपती होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा तिला हर्षद पेडणेकरचा फोन आला. हर्षद मुलुंडला डोंगराच्या बाजूच्या एका उंच बिल्डिंगमध्ये चौदाव्या मजल्यावर एकटाच राहायचा. सिनेमासाठी आवाज रेकॉर्ड करणं हे त्याचं काम. लडाखमध्ये साडेतीन आठवड्यांचं शूटिंग होतं आणि तिथे फोन लागेलच याची खात्री नव्हती.

"मासे आहेत का?" शीतलने विचारलं.

"मासे नाहीत, ताई. तुम्ही येऊन बघा. सांगून नाही कळणार."

दुपारी बाराचं ऊन होतं, पण हर्षदच्या त्या खोलीत संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. खिडकीला जाड पडदे, एसी चालू, आणि भिंतीला लागून एक लांबलचक टाकी. पाणी गार ठेवणारं मशीन खाली घुरघुरत होतं. शीतल वाकली. काचेच्या पलीकडून एक चेहरा तिच्याकडे बघत होता.

वीतभर लांब, पांढराफटक, आतून किंचित गुलाबी. तोंड रुंद, कडा वर वळलेल्या, जणू हसतोय. डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन तीन लाल पिसं फुटलेली. डोळे म्हणजे दोन बारीक ठिपके, पापण्याच नाहीत. पण शीतलची नजर अडकली ती पुढच्या पायांवर. पाय कसले, हातच ते. कोपर, मनगट, चार बोटं. एक हात काचेवर पसरून तो उभा होता.

"ॲक्सोलॉटल म्हणतात यांना," हर्षद म्हणाला. "मेक्सिकोतल्या तळ्यातले. पाल नाही, मासा नाही, बेडकाच्या गोतावळ्यातले. गंमत म्हणजे हे मोठेच होत नाहीत. बेडकाचं पिल्लू मोठं होऊन पाण्याबाहेर येतं ना, तसे हे येत नाहीत. म्हातारे होऊन मरतात, पण पिल्लू म्हणूनच. हा पांढरा मुळा. आणि तो कोपऱ्यातला काळा, ते वांगं."

शीतलला हसू आलं. मग हर्षद खाण्याकडे वळला आणि एकदम गंभीर झाला. बाल्कनीत थर्माकोलच्या खोक्यात माती भरून त्याने गांडुळं पाळली होती. बुधवारी आणि शनिवारी गांडूळ, धुऊन, मोठं असेल तर दोन तुकडे करून. सोमवारी तळाला बसणाऱ्या गोळ्या किंवा फ्रीजरमधल्या गोठवलेल्या अळ्यांचा लाल चौकोन, पाण्यात विरघळवून. एकच एक खाणं दिलं की कंटाळतात, शिवाय काहीतरी कमी पडतं. बाकीच्या दिवशी काही नाही.

"सोसायटीच्या बागेतली गांडुळं नको हां ताई, माळी औषध मारतो. जिवंत मासे नको, रोग येतात. चिकन, मटण नको, पचत नाही. आणि माणसांचं खाणं तर अजिबात नको. हे काहीही गिळतात. तोंडासमोर हललं की आत. दगडसुद्धा गिळतात, म्हणून टाकीत दगड ठेवलेले नाहीत."

"कळलं," शीतल म्हणाली. मुळ्याचा हात अजून काचेवरच होता.

पहिल्या बुधवारी ती एकटीच आली. "आले रे मी," म्हणाली, खोक्यातून गांडुळं काढली, वाटीत धुतली, कात्रीने कापली. कापलेले दोन्ही तुकडे वाटीत वेगवेगळ्या दिशांना वळवळत राहिले. दवाखान्यात तिने काय काय पाहिलं होतं, तरी ते बघणं तिला नको झालं. लांब चिमट्यात एक तुकडा धरून तिने तो मुळ्याच्या तोंडासमोर हलवला. मुळा हलला नाही. मग क्षणात खप्प झालं आणि चिमटा रिकामा. चेहऱ्यावर तेच हसू. फक्त ओठांच्या कडेला गांडुळाचं टोक लोंबत होतं, तेही हळूहळू आत गेलं.

शनिवारी मुळ्याने तोंड फिरवलं. वांग्याने खाल्लं. पाणी किंचित धुरकट वाटलं आणि टाकीसमोर लाकडी स्टूल होतं. हे इथे होतं का? असेल, तिला वाटलं. तिने पाणी थोडं बदललं, स्टूल भिंतीला लावलं आणि निघाली.

सोमवारी स्टूल परत टाकीसमोर होतं.

शीतल दारातच थांबली. "आले रे मी," तिने म्हटलं, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला. दोन्ही खोल्या, बाथरूम, बाल्कनी, सगळं बघितलं. कोणी नव्हतं. चपलांचा माग नाही, कपाट उघडं नाही, काही हललेलं नाही. टाकीपाशी आली तेव्हा काचेवर बाहेरून एक काळा ठिपका दिसला, मुळा नेहमी जिथे कपाळ टेकून उभा असतो नेमका तिथे. तिने बोटाने पुसला. बोट काळं आणि तेलकट झालं. तिने ते नाकाशी नेलं.

काजळ होतं.

आणि मग तिला वास आला. त्या गार खोलीत, पाण्याच्या आणि मातीच्या वासाखाली, अगदी हलका. ओळखायला तिला क्षण लागला, कारण तो वास इथला नव्हताच. तिची सपना तान्ही होती तेव्हा घरात असायचा तो. वेखंडाचा.

पाण्याच्या तळाशी भाताची चार शितं पडली होती. फुगून पांढरी, वर बुरशीची लव.

खाली वॉचमनने डोकं हलवलं. "चौदाव्यावर? साहेब गेल्यापासून तुमच्याशिवाय कोण नाय, मॅडम." हर्षदला फोन लागला नाही. मेसेजपुढे एकच खूण आली, ती तशीच राहिली. संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. मिथुन लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा आणि कशालाही घाबरत नसे. तो म्हणाला, "किल्ली अजून कोणाकडे तरी असणार. सिंपल आहे. सोड ना ते काम, यार." शीतल म्हणाली, "काम सोडेन, पण त्यांना खायला कोण घालणार?"

"घालतंय ना कोणीतरी," मिथुन म्हणाला. तो थट्टा करत होता. शीतलच्या अंगावर मात्र काटा आला.

दुसऱ्या दिवशी तिची पाळी नव्हती, तरी ती दुपारी दीडला गेली. काजळाचा ठिपका होता. पाणी दुधासारखं पांढुरकं झालं होतं, आणि मुळा पाण्याच्या वर तरंगत होता, पोट फुगलेलं, डोक्यावरची लाल पिसं पुढे वळून आखडलेली. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, चारी बोटं सुटी. ती ओरडलीच. मग एक बोट हललं.

तिने डॉक्टर नीलाला फोन लावला. दवाखान्यातल्या तिच्या जुन्या मॅडम, आता ठाण्याला बसायच्या.

"भात? दूध?" डॉक्टर नीला म्हणाल्या. "अगं, तो नुसता किडे खाणारा जीव. आत अडकलंय आणि पाण्यात विष झालंय. ऐक. झाकण असलेला डबा घे, भोकं पाड, क्लोरीन काढलेलं गार पाणी घाल आणि त्याला त्यात ठेव. डबा फ्रीजमध्ये, खालच्या भाजीच्या कप्प्यात. थंडीत त्याचं सगळं मंदावेल, सडणं थांबेल. रोज पाणी बदल. चार-पाच दिवस. खायला काहीही नाही. आपोआप बाहेर पडेल, नाहीतर..."

शीतलने ओल्या हातांनी मुळ्याला उचललं. तो मऊ होता आणि गार, आणि त्याने तिच्या अंगठ्याभोवती आपली बोटं गुंडाळली. असं ते करतात का, तिला माहीत नव्हतं. तिने त्याला डब्यात सोडलं, झाकण लावलं, डबा विसरलेल्या, सुकलेल्या कोथिंबिरीशेजारी ठेवला आणि फ्रीजचं दार बंद केलं. मग टाकीचं निम्मं पाणी उपसलं, ताजं भरलं, आणि थकून जमिनीवर भिंतीला टेकून बसली.

अडीच वाजता कुलपात किल्ली फिरली.

दार हळूच उघडलं. आत आली ती ठेंगणी, पांढऱ्या केसांची एक म्हातारी. नऊवारी, अनवाणी पाय. एका हातात स्टीलची वाटी, दुसऱ्या मुठीत काजळाची डबी. अंधाराला सरावलेल्या माणसासारखी ती सरळ चालत आली. शीतल तिथे बसलीय हे तिने पाहिलं, पण जसं एखादं सामान पाहावं तसं. स्टूल ओढलं, बसली, वाटीतला दूधभात बोटांनी कुस्करला. मग काचेत बघितलं. वांगं होतं, एकटं.

"बाबू खंय गेलो?" म्हातारी म्हणाली.

शीतल भिंतीला धरून उठली.

"तू कोण गो? बाबू खंय माझो?"

"आजी, तुम्ही... तुम्ही कुठून आलात?"

म्हातारीने वाटी खाली ठेवली. ती उठली. खोलीत चौफेर बघितलं, कान दिल्यासारखी मान कलती केली, आणि मग स्वयंपाकघराकडे वळली. शीतल तिच्यामागे धावली, पण तोवर तिने फ्रीज उघडला होता. वरच्या कप्प्यांकडे न बघता ती खाली वाकली, डबा काढला, झाकण उघडलं. फ्रीजच्या पिवळ्या उजेडात मुळा पाण्याच्या तळाशी पडला होता, निश्चल, तोंडावर तेच हसू.

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. रडली नाही, घाबरली नाही.

"थंड पडलो तेव्हा असोच दिसलो," ती म्हणाली. आणि झाकण नीट दाबून बसवलं, डबा परत ठेवला, दार लावलं. तान्हं मूल झोपलेल्या खोलीचं दार लावावं तसं, आवाज न करता.

ती समोरच्या फ्लॅटमधली जानकी तावडे होती. शीतलने तिला हाताला धरून नेलं आणि तिची सून अक्षता कामावरून येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिली. अक्षता शाळेच्या ऑफिसात होती आणि नवरा प्रीतम नाशिकच्या कामावर. सकाळी येणारी बाई आजीला जेवू घालून बाराला जायची, मग संध्याकाळपर्यंत आजी एकटी.

"झोपून असतात हो दुपारी," अक्षता म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला. हर्षदची जादा किल्ली तीन वर्षांपासून त्यांच्या चपलांच्या कपाटात लटकत होती. त्यालाही आठवण नव्हती, यांनाही नाही. फक्त आजीला होती. गणपतीत हर्षदने तिला आरतीला बोलावलं होतं, तेव्हा तिने टाकी पाहिली होती.

"बाबू कोण?" शीतलने विचारलं.

अक्षताने आत बघितलं. आजी कॉटवर पाय वर घेऊन बसली होती.

"यांचा पहिला मुलगा. प्रीतमच्या बारा वर्षं आधीचा. देवगडकडे गावी होत्या तेव्हा, सासरे इथे गिरणीत. सात महिन्यांचा होता. उष्टावण ठरलेलं, पहिला भात भरवायचा होता. चार दिवस आधी ताप आला आणि गेला. व्हाळाच्या काठी पुरला. सासरे पोचले तोवर सगळं झालं होतं. हे मला लग्नानंतर वीस वर्षांनी कळलं, तेही आईंना विसरायला व्हायला लागल्यावर. आमची नावं विसरतात. पण हे आठवायला लागलंय, जसं काल झालं."

त्या दिवसापासून अक्षताने सकाळच्या बाईला जाताना बाहेरून कुलूप घालायला सांगितलं. दुसरं करणार तरी काय होती?

शीतल आता रोज जायची, डब्यातलं पाणी बदलायला. चौदाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की समोरच्या लाकडी दाराच्या आतून टकटक सुरू व्हायची. जोरात नाही. बोटाच्या पेराने, एकसारखी. पावलं तिचीच आहेत हे आजीला कसं कळायचं, देव जाणे. टपाल देणारा आला, कचरावाली आली, तेव्हा आवाज नसायचा. अक्षताने स्वतः सांगितलं हे.

"गो बाय," आतून आवाज यायचा. "तेका काय घातलंस काय?"

"नाही आजी. डॉक्टरांनी नाही सांगितलंय."

"उपाशी आसा तो. किती वर्सां उपाशी आसा."

चार दिवस हे चाललं. शीतल पाणी बदलायची आणि डब्यातल्या त्या पांढऱ्या, गारठलेल्या देहाकडे बघायची. कधी वाटायचं गेला. मग पाचव्या दिवशी डब्याच्या तळाशी राखाडी, शेंबडासारखा गोळा पडलेला दिसला, त्यात भाताची शितं जशीच्या तशी. मुळ्याची लाल पिसं मागे वळली होती. डॉक्टर नीला फोनवर म्हणाल्या, "वाचला. पाण्याचा गारठा हळूहळू टाकीइतका होऊ दे, मग टाकीत सोड. एक दिवसाने अर्धं गांडूळ दे, बारीक करून."

ते अर्धं गांडूळ द्यायच्या दिवशी शीतल नेहमीपेक्षा लवकर, अक्षता निघायच्या आधी पोचली.

"आजींना घेऊन जाऊ का मी?" तिने विचारलं. "अर्धा तास. मी असेन बरोबर."

"कशाला? परत भात घालतील."

"म्हणूनच. काय घालायचं ते दाखवते."

अक्षताने तिच्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं. पण टकटक तीही रोज ऐकत होती. रात्रीचं जेवण वाढताना, टीव्हीच्या आवाजाखाली, आजीचं बोट कॉटच्या दांडीवर चालूच असायचं. तिने घराची किल्ली पुढे केली.

आजी स्टुलावर बसली. मुळा टाकीच्या मधोमध होता. तिला पाहून, किंवा सावली पाहून, काचेजवळ आला आणि हात टेकला. शीतलने वाटी पुढे केली. आजीने आत डोकावून बघितलं, वळवळणाऱ्या त्या तुकड्यांकडे, आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"ह्या काय?"

"हेच खातो तो, आजी. गांडूळ."

"मातयेतला खाता?"

"हो. मातीतलंच. तांदूळ, दूध नाही चालत त्याला."

आजी वाटीवर वाकली. खाली मशीन घुरघुरत होतं. शीतलला वाटलं, आता रडेल, वाटी फेकेल.

"तर मग तो जेवलो," आजी म्हणाली. तिचा सगळा चेहराच सैल पडला. "माका वाटला, थंय उपाशी आसतलो. इतकी वर्सां माका घास जाय नाय. थंय मातयेत ह्याच गावला आसतला तेका. भरपूर."

शीतलने एक तुकडा चिमट्यात धरला. तिला बाहेर पळून जावंसं वाटलं, उजेडात, लिफ्टपाशी, कुठेही. पण ती जागची हलली नाही. तिने चिमटा आजीच्या हातात दिला आणि तिच्या मनगटाला आपला हात लावून तो पाण्यात नेला. खप्प. चिमटा रिकामा.

आजी हसली. तोंडात दात नव्हते. रुंद, वर वळलेल्या कडांचं ते हसू शीतलने पाहिलं आणि तिने नजर वळवली.

मग आजीने वांग्याकडे बोट दाखवलं.

"आणि तो काळो कोणाचो?"

"हर्षदचा, आजी. दोन्ही हर्षदचेच."

"नाय." आजीने मान हलवली. चिमटा तिच्याकडे परत दिला. "तेका तू घाल."

त्या दुपारी शीतल नाहूरच्या कासवांकडे गेली, भांडुपच्या मांजराकडे गेली, सगळी कामं केली. पण आजीचं ते 'तेका तू घाल' काही सुटेना. तिचं असं कोणी गेलेलं नव्हतं. सपना होती, तिच्याशिवाय शीतलला दुसरं मूल नव्हतं, झालंही नव्हतं. ती मनात आपली माणसं मोजत राहिली. आणि भांडुपच्या त्या घराच्या जिन्यात बसून, कशासाठी ते न कळता, तिने जालन्याला आईला फोन लावला.

"आई, माझ्या आधी कोणी होतं का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग गॅस बंद केल्याचा आवाज.

"काहून इचारतीस?"

"असंच."

"कोन सांगितलं तुला?"

"कोणी नाही, आई."

"व्हता एक," आई म्हणाली. "सहा दिवसांचा. नाव बी ठेवलं नव्हतं. बाभळीखाली ठिवला, बांधाला. तुझ्या बापानं परत कवा बोलू दिलं न्हाई." मग म्हणाली, "काळासावळा व्हता. तुझ्या बापावानी."

शीतल जिन्यात बसून राहिली. संध्याकाळचं ऊन पायऱ्यांवर आलं होतं, खाली पोरं क्रिकेट खेळत होती, कोणाच्या तरी घरात भाजी फोडणीला पडत होती. जे दिसत नाही ते नसतं, असं तिला लहानपणी शिकवणारा तोच आवाज होता हा.

हर्षद ऑक्टोबरच्या मध्याला परतला. शीतलने सगळं सांगितलं, काजळासकट, फक्त वांग्याचं सोडून. तो आधी भडकला. "तुम्ही त्यांना परत आत आणलं? मुळा मेला असता!" शीतल म्हणाली, "मेला नाही ना." तो टाकीपाशी गेला, वाकून बराच वेळ मुळ्याचं पोट, पिसं, बोटं बघत बसला. बुधवारी आजी स्वतःहून दारात उभी राहिली, तेव्हा त्याला काय वाटलं कोणास ठाऊक, त्याने चिमटा तिच्यापुढे धरला. मग त्याचा रिवाजच पडला. हर्षद घरी असला तर तो, नसला तर शीतल. आजी बुधवारी आणि शनिवारी यायची, दोन तुकडे द्यायची आणि घरी जाऊन पोटभर जेवायची. अक्षता म्हणायची, इतकं जेवताना तिने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

हे दिवाळीनंतर संपलं. नोव्हेंबरच्या एका बुधवारी आजी स्टुलावर बसली, काचेत बघितलं आणि एकदम पाय वर घेतले.

"ई गो! ही केवढी पाल!"

"आजी, बाबू ना?" शीतल म्हणाली. बोलून गेली आणि तिला वाटलं, बोलायला नको होतं.

"कोण बाबू?" आजीने विचारलं. तिच्या डोळ्यांत खरंच काही नव्हतं, ना दुःख, ना ओळख. मुळ्याने हात काचेवर टेकला होता. आजी घाबरून मागे सरली, शीतलचा पदर धरून दारापर्यंत गेली, आणि परत कधी आली नाही. मुळ्याला त्याचं काही नव्हतं. त्याने आपले दोन तुकडे गिळले आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

डिसेंबरात शीतलची आई आली. दरवर्षी सहा तारखेला ती गावच्या बायांबरोबर दादरला चैत्यभूमीवर यायची आणि मग चार दिवस लेकीकडे घाटकोपरला राहायची. त्या वर्षी तिने सामान ठेवलं, पाणी प्यायली, नातीचे गाल कुरवाळले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवं लुगडं नेसून दारात उभी राहिली.

"चल. तुझ्या कामावर येते."

"कुठे?"

"ते मोठं हुत न्हाई ते जनावर. सपना सांगत व्हती फोनवर. पांढरं अन् काळं." तिने शीतलकडे बघितलं नाही. "काळं दाखव मला."

हर्षद घरी होता. त्याने आईला नमस्कार केला, चहा टाकायला गेला. आई पडद्याआडच्या त्या गार खोलीत शिरली, पदर खांद्यावरून घेतला, आणि स्टुलावर न बसता टाकीसमोर जमिनीवरच मांडी घातली. मुळा आला, हात टेकला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. वांगं नेहमीसारखं मागे, अंधारात होतं. कितीतरी वेळ दोघंही हलली नाहीत. मग ते हळूहळू तळावरून चालत आलं, एकेक हात टाकत, आणि काचेपाशी, आईच्या गुडघ्यासमोर थांबलं. शीतलने इतके महिने त्याला घास भरवला होता, पण ते असं चालत कोणाकडे आलेलं तिने पाहिलं नव्हतं.

शीतलने वाटी आणि चिमटा आणला. आईने चिमट्याकडे बघून मान हलवली. वाटीत बोटं घालून तिने गांडुळाचा तुकडा उचलला, डोळ्यांजवळ नेला, तळव्यावर ठेवून बघितला.

"बारीक हाय हे," ती म्हणाली. "दुसरं दे. जरा मोठं."